जा, पाणी आण!

मराठी मध्यमवर्गीय घरात चित्रपट पारखण्याची एकच पद्धत पिढ्यान्‌पिढ्या मान्यता पावलेली आहे. तिला समीक्षक लागत नाही, मंडळ लागत नाही, कायदा लागत नाही. लागतो तो फक्त पाण्याचा एक तांब्या. टीव्हीवर नायक नायिकेच्या जरा जास्त जवळ सरकला, की घरातल्या कर्त्या पुरुषाच्या घशाला अचानक कोरड पडते आणि समोर मांडी ठोकून बसलेल्या पोराला तो म्हणतो, ‘‘जा रे, पाणी आण!’’ पोरगंही समजूतदार असतं. ते स्वयंपाकघरात जातं, माठापाशी थोडा वेळ काढतं, गाणं कुठवर आलं याचा कानोसा घेतं आणि दोघं पुरेशी लांब झाल्याची खात्री पटली, की भांडं घेऊन बाहेर येतं. बाप दोन घोट पितो. संस्कृती बचावते.

या पद्धतीचं मी बरीच वर्षं निरीक्षण केलं आहे. ही तहान फार निवडक असते. पडद्यावर एखाद्याचा गळा कापला जात असेल, तर घरात कुणालाही पाणी लागत नाही. उलट स्वयंपाकघरात रमलेल्या पोराला हाक जाते, ‘‘अरे ये लवकर, बघ आता कसा धुतो त्याला!’’ चुंबनाला तहान आणि खुनाला शेंगदाणे, असा आपला घरगुती सेन्सॉर आहे.

हे आपल्याच घरात चालतं असं समजून कुणी ओशाळू नये. सरकारदरबारीसुद्धा तांब्या भरून ठेवलेला असतो. २०२५ च्या जुलैत ‘सुपरमॅन’ आपल्याकडे आला, तेव्हा केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने त्यातलं तेहतीस सेकंदांचं चुंबन कापलं आणि चित्रपटाला ‘यूए १३+’ असं प्रमाणपत्र दिलं. आता, या चित्रपटात शहराची जमीन दुभंगते, इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात. त्या कोसळल्या, त्यांचं कुणी मनावर घेतलं नाही. तेहतीस सेकंद मात्र जड झाले. आमच्याकडे चेकवरची सही ताडून बघायला याहून जास्त वेळ लागतो!

तरीही मंडळाला नुसतं हसून सोडून देणं बरोबर नाही. कारण मुलांना काय दाखवावं, हा प्रश्न खराच आहे, आणि तो सोडवायचा प्रयत्न निदान त्यांनी तरी केला. १९५२ च्या कायद्याने चित्रपटांचे दोनच वर्ग केले होते. ‘यू’ म्हणजे सर्वांसाठी आणि ‘ए’ म्हणजे प्रौढांसाठी. मध्ये काही नाही. १९८३ साली ‘यूए’ आणि ‘एस’ अशा दोन वर्गांची भर पडली. ‘एस’ हा डॉक्टर, शास्त्रज्ञ अशा खास मंडळींसाठी. (बँकेतली माणसं खास नसतात, हे आम्हाला काउंटरपलीकडून रोज ऐकवलं जातंच.) पुढे २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन तुकडे केले: सातच्या पुढे, तेराच्या पुढे आणि सोळाच्या पुढे. कपड्यांच्या दुकानात असतात तसे मापाचे आकडे आले. पोराला उभं करायचं, वय बघायचं आणि अंगाला बसेल तो सिनेमा द्यायचा.

पण याच कायद्यात एक वाक्य असं आहे, की ते घरोघर दिनदर्शिकेशेजारी टांगून ठेवावं. वयाचा हा आकडा आईबापांना विचार करता यावा म्हणून आहे, आणि आईबाप किंवा पालक यांच्याशिवाय दुसऱ्या कुणी त्याची अंमलबजावणी करायची नाही! म्हणजे ‘ए’ चित्रपटाला दारावरचा माणूस पोराला अडवील. पण ‘यूए १६+’ला तुम्ही आठ वर्षांचं पोर घेऊन गेलात, तर तो बिचारा तिकीट फाडून नमस्कार करील. मंडळाने आकडा लिहिला आणि निर्णय हळूच आपल्या मांडीवर ठेवून दिला. आपण मात्र हातात पॉपकॉर्नची टोपली असल्यामुळे मांडीकडे बघितलंच नाही.

बरं, घरी तरी काय वेगळं आहे? २०२१ च्या नियमांनी घरपोच सिनेमा दाखवणाऱ्या कंपन्यांनाही हेच वयोगट लावून दिले आणि तेराच्या पुढच्या मालाला कुलपाची सोय ठेवायला सांगितलं. सोय आहे. पण माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत हे कुलूप बापाला लावता येत नाही म्हणून मुलानेच लावून दिलेलं आहे. तिजोरीची किल्ली चोराकडूनच घडवून घ्यायची आणि वर ‘‘पोरगं फार हुशार हो!’’ म्हणून चहाला आलेल्या पाहुण्याला सांगायचं, ही आपली सुरक्षा व्यवस्था.

या प्रश्नावर आमच्या शाखेत दोन पक्ष आहेत. हेडकॅशियर म्हणतात, ‘‘बंद करा सगळं. आमच्या वेळी होतं का हे?’’ त्यांच्या वेळी ‘शोले’ होता. काउंटरवरचा तरुण सहकारी म्हणतो, ‘‘बघू द्या हो सगळं. मोबाईलवर बघतातच की!’’ त्याचं अजून लग्न व्हायचंय. दोघांच्याही म्हणण्यात गोम एकच आहे. दोघंही सिनेमात काय ‘दिसतं’ एवढंच मोजतात. रक्त किती, शिव्या किती, चुंबनं किती. मंडळाचा आकडाही बहुतेक याच मोजदादीतून निघतो. आता मी पडलो वाणिज्य शाखेचा. तीन वर्षांत आम्हाला एकच गोष्ट शिकवली, आणि पुढे वीस वर्षं तिच्यावरच पगार चालू आहे. ती अशी, की नुसती रक्कम बघून काही कळत नाही. समोरची नोंद बघायची. एका बाजूला नावे पडलं, की दुसऱ्या बाजूला कुठेतरी जमा दिसलंच पाहिजे. नाही दिसलं, तर समजावं, की पुस्तकात घोळ आहे.

सिनेमाला मी हीच फूटपट्टी लावतो. पडद्यावर ठोसा पडला, हरकत नाही. पण तो कुणाला लागला, त्याला किती दुखलं, त्याच्या घरी कोण वाट बघत होतं, याची नोंद सिनेमाने ठेवली आहे का? ठेवली असेल तर मूल त्यातून शहाणं होऊन बाहेर येतं. नसेल तर ते फक्त ठोसा शिकून येतं.

‘शोले’चंच घ्या. १९७५ साली सेन्सॉरला चिंता पडली ती शेवटाची. मूळ शेवटात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात (आणि त्याला हात नसल्यामुळे पायात) घ्यावा, हे सरकारला रुचेना. मग ऐन वेळी पोलीस आणून गब्बरला त्यांच्या हवाली करावं लागलं. मूळ शेवट भारतातल्या पडद्यावर यायला २०२५ साल उजाडलं. पन्नास वर्षं फाइल पडून होती म्हणायची. पण मला विचाराल तर मुलांच्या दृष्टीने ‘शोले’तली खरी जागा शेवटात नाहीच. ती इमामसाहेबांच्या मुलाच्या मरणात आहे. ते काम आपल्या सचिन पिळगावकरांनी केलं होतं. ते पोर मरताना आपल्याला दिसत नाही. गब्बर हातावरची मुंगी चिरडतो, आणि पुढच्या दृश्यात घोडा मुलाचं प्रेत घेऊन गावात येतो. सारं गाव गप्प होतं, आणि आंधळा बाप चाचपडत येऊन त्या शांततेचं कारण विचारतो. खून एक, तोही न दाखवलेला. पण त्याची किंमत किती, हे हंगलसाहेबांच्या चाचपडणाऱ्या हातांनी पै न्‌ पै मोजून दाखवलंय. याला म्हणतात हिशेब.

त्यानंतर गंमत झाली ती बाहेर. ब्रिटानिया कंपनीने आपल्या ग्लुकोज बिस्किटांच्या जाहिरातीसाठी त्याच गब्बरला उभं केलं. सिनेमात ज्याच्या नावाने आया पोरांना झोपवत होत्या, तो त्याच पोरांना दुधाबरोबर बिस्किटं खायला सांगू लागला. सिनेमाने नीट मांडलेल्या हिशेबातली इमामसाहेबांची नोंद गाळली आणि नुसता गब्बर उचलला, की तो बिस्किटं विकतो. मुलं सिनेमाने बिघडतात की सिनेमातलं पान फाडून विकणाऱ्यांमुळे, हे ठरवताना ही जाहिरात आठवावी.

आता ‘अ‍ॅनिमल’ घ्या. २०२३ चा, दोनशे एक मिनिटांचा. मंडळाने रीतसर ‘ए’ दिला, त्यामुळे कागदोपत्री तक्रारीला जागा नाही. पण काही महिन्यांतच तो घरातल्या टीव्हीवर आला, आणि दिवाणखान्यात दारावरचा माणूस नसतो. त्यातली ती कुऱ्हाडींची मारामारी मोठ्या झोकात चित्रित केली आहे, हे मान्य. पण मरायला येणारी माणसं तोंडाला मुखवटे लावूनच येतात. दिग्दर्शकाच्या डोक्यात काय असेल ते असो. मला, हिशेबनिसाला, त्यात सोय दिसली. मुखवटा लावला, की चेहरा नाही, नाव नाही, घरी वाट बघणारी आई नाही. खातंच उघडलेलं नाही, मग नोंद कुठे करणार? पुढे हाच नायक एका बाईला तिचं प्रेम सिद्ध करायला बूट चाटायला सांगतो. नायकाला शेवटी काही भोगावं लागत नाही असं नाही. त्याचं शरीर मोडतं, संसार मोडतो. पण ती सगळी नोंद त्याच्या एकट्याच्या खात्यात. दुःख झालं ते त्याला, रडलो आपण ते त्याच्यासाठी. बाकीचे मेले ते किरकोळ खर्चात. चौदा वर्षांच्या मुलाला इथे धोका रक्ताचा नाही. आपण सोडून इतरांना दुखत नाही, असं एक गणित त्याच्या डोक्यात बसतं, ते धोक्याचं. आणि शेजारच्या खुर्चीतून वडीलमाणसाची शिट्टी आली, तर त्या गणितावर बरोबरची खूणही होते.

याच्या उलट बाजूचा पेच ‘छावा’ने घातला. २०२५ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात घरंच्या घरं हा चित्रपट बघायला गेली. छत्रपती संभाजीमहाराजांनी जे सोसलं ते लपवावं, असं कुणी मराठी माणूस म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. या चित्रपटात हिशेबात खोट नाही. यातना या यातनाच वाटतात, कुणी त्यावर शिट्टी मारत नाही. पण प्रमाणपत्र होतं ‘यूए १६+’, आणि मांडीवर होती सहा-सात वर्षांची पोरं. ती शेवटी हमसून हमसून रडत असल्याच्या चित्रफिती मोबाईलवर फिरल्या, आणि ‘‘बघा केवढा स्वाभिमान!’’ म्हणून आपण त्या पुढे पाठवल्या. असेलही. पण सहा वर्षांचं मूल स्वाभिमानाने रडतंय की भीतीने, हे मोबाईल धरणाऱ्याने त्याला विचारल्याचं त्या चित्रफितीत कुठे दिसत नाही. नोंद खरी असली, तरी रक्कम खातेदाराला झेपणारी हवी. खात्यात दहा रुपये असलेल्या पोराच्या नावावर लाखाचा चेक फाडला, तर तो चेक खोटा नसतो. पण वटत नाही.

कुणी म्हणेल, मग मुलांना इतिहास सांगायचाच नाही का? तर आपल्या चौथीच्या इतिहासाच्या पुस्तकाकडे बघा. अफझलखानाचा वध नऊ वर्षांच्या मुलांना आपण कित्येक पिढ्या शिकवतो आहोत. वाघनखं आहेत, बिचवा आहे, सगळं आहे. ते वाचून कुठलं पोर रात्री दचकून उठल्याचं ऐकिवात नाही. कारण पुस्तक घटना सांगतं आणि पुढे जातं. कोथळा बाहेर येताना त्याच्या भोवती तीनदा फिरून येत नाही.

आणि सोज्वळ म्हणून ज्यांची नावं घेतली जातात, ते सिनेमे काय साखरेत घोळलेले असतात? आचार्य अत्र्यांचा ‘श्यामची आई’ १९५३ चा; राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. त्याची गोष्ट आजच्या मोजपट्टीने तपासा. घरात कर्ज आहे, दारिद्र्य आहे, पोहायला घाबरणाऱ्या मुलाला आई काठीने झोडपते, आणि शेवटी ती आईच मरते. सातच्या खालच्या मुलाला दाखवावा का, यावर बैठक बसेल! पण मार देणाऱ्या आईच्या डोळ्यांतलं पाणी त्याच गोष्टीत आहे. समोरची नोंद आहे. म्हणून ती गोष्ट चार पिढ्या रडत रडत मोठ्या झाल्या आणि तरी कुणाचं काही बिघडलं नाही.

परेश मोकाशींच्या ‘एलिझाबेथ एकादशी’त (२०१४) पंढरपूरची पोरं आपली सायकल विकली जाऊ नये म्हणून घरच्यांच्या चोरून ऐन कार्तिकीत बांगड्यांचं दुकान थाटतात. चोरून! आणि हे सगळं कशापायी, तर कर्जाचा हप्ता थकल्याने आईचं स्वेटर विणायचं मशीन जप्त झालंय म्हणून. (हे दृश्य आम्ही मंडळी जरा मान खाली घालून बघतो.) मुलांना सिनेमा आवडतो तो यासाठी, की त्यात त्यांना कुणी उपदेश करत नाही आणि तरी रुपयाला किती बांगड्या विकाव्या लागतात ते कळतं.

वयात येणाऱ्या मुलांबद्दल बोलायचं, तर ‘सैराट’ (२०१६) टाळता येत नाही. ‘‘या सिनेमाने पोरं बिघडली,’’ असं म्हणणारे बहुधा मध्यंतरातच उठून गेले असावेत. पूर्वार्धात पोरं खुर्च्यांवर उभी राहून नाचली, खरं आहे. पण शेवटी आईबापांच्या रक्तातून चालत बाहेर आलेल्या त्या लहानग्याची पावलं दिसली, तेव्हा तीच पोरं खुर्चीत रुतून बसली होती. त्या सिनेमाने प्रेमाची मजा दाखवली आणि आपल्या समाजात तिचं बिल कोण फाडतं, तेही दाखवलं. पंधरा वर्षांच्या मुलीला आणि मुलालाही हा सिनेमा दाखवावा, असं मी म्हणतो. मात्र शेजारी आपण बसावं, आणि दिवे लागल्यावर पार्किंगची घाई करू नये.

आता कुणी विचारील, की हिशेब ठेवला आहे की नाही, हे सामान्य बापाने ओळखावं कसं? त्याची माझी खूण अगदी साधी आहे. सिनेमा बघून आलेलं मूल काय करतं ते पाहावं. ते आरशासमोर उभं राहून डायलॉग मारतं की जेवताना प्रश्न विचारतं? डायलॉग सगळीच पोरं मारतात, त्यात वाईट काही नाही. पण नुसतेच डायलॉग येत राहिले आणि प्रश्न एकही आला नाही, तर समजावं, की सिनेमाने हातात काठी दिली आणि बाकी काही दिलं नाही.

माझ्या दहा वर्षांच्या पुतण्याला आम्ही मंगेश हाडवळे यांचा ‘टिंग्या’ (२००८) दाखवला. त्यात ना मारामारी, ना चुंबन. एक शेतकऱ्याचं पोर आणि त्याचा जखमी बैल चितंग्या. बटाट्याचं पीक काढायला दुसरा बैल हवा, त्याला पैसा नाही, म्हणून चितंग्याला खाटकाला विकायची पाळी येते. आणि टिंग्या विचारतो, की शेजारची म्हातारी आजी आजारी पडली तर तिच्यावर उपचार होतात, मग माझ्या बैलाला का विकता? रात्री जेवताना पुतण्या बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘काका, टिंग्याच्या बाबांना तुमच्या बँकेने कर्ज दिलं असतं का?’’

‘‘जा रे, पाणी आण,’’ मी म्हणालो.

तो पाणी घेऊन आला आणि पुन्हा समोर येऊन बसला. मग त्याला सांगितलं, की कर्ज द्यायला तारण लागतं. तारण म्हणजे काय तेही सांगितलं. त्याने विचार केला आणि म्हणाला, ‘‘मग चितंग्याला ठेवायचं की तारण! म्हणजे तो बँकेत राहिला असता. खाटकाकडे गेला नसता.’’ सौ. वाढता वाढता थांबली. कर्जवाटपाचं हे धोरण कुठल्याच परिपत्रकात बसत नाही, पण त्याहून माणुसकीचं धोरण मी तरी वाचलेलं नाही. त्या रात्री शेतकरी, हप्ता, पाऊस, विमा असं आम्ही तासभर बोललो. पोराला सगळं कळलं असं नाही. पण झोपताना त्याच्या डोक्यात एक माणूस आणि एक बैल होता, आणि दोघांनाही दुखत होतं.

दहा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेची हरकत नाही. फक्त त्याने किती रकमेपर्यंत व्यवहार करावा, याला बँकेने मर्यादा घालायची असते. मला ही पद्धत पसंत आहे. सिनेमाचंही तसंच करावं. खातं लवकर उघडावं, मर्यादा वयाप्रमाणे वाढवत न्यावी, आणि महिन्यातून एकदा दोघांनी मिळून पासबुक भरून घ्यावं. आकडा मंडळ लिहील. सही मात्र आपलीच लागते. पूर्वी चित्रपटाच्या प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत असे, २०२३ पासून ते कायमचं झालंय. मुलाच्या लहानपणाची मुदत मात्र आहे तेवढीच आहे, आणि ती वाढवून देणारी शाखा अजून तरी कुठे उघडलेली नाही.